प्रीमियर लीगचे पैशाचे नियम नेमके कोणाच्या भल्यासाठी? (आमच्या टूर्नामेंटले लिमिट लावायची आहे, सल्ला द्या)

वणीकडचा_स्टॉपर

नमस्कार मंडळी. सवाल दोन आहेत पण एकात एक गुंतले आहेत म्हणून एकाच धाग्यात टाकून राहिलो. आमच्या गावात दरवर्षी कापसाची वेचणी आटोपली की सेव्हन साईड फुटबॉलची ओपन टूर्नामेंट असते, आजूबाजूच्या गावच्या टीमा येतात, वर्गणी होते, शिल्ड असते, लाऊडस्पीकर असतो, सगळं असते. मागच्या खेपेले एका ठेकेदारानं टीम उतरवली. बॅनरवर नाव आमच्याच गावाचं, पण खेळणारे जवळपास सगळे कामठी अन् नागपूरचे. गावचे पोट्टे नवीन जर्सी घालून लाईनीच्या बाहेर पाण्याच्या बाटल्या धरून उभे. फायनल तर झालीच एकतर्फी, पण त्याहून वाईट म्हणजे यंदा दोन गावं म्हणतात आम्ही येतच नाही, आमच्याकडे काही ठेकेदार नाही.

आता कमिटीत विषय निघाला की टीमवर खर्चाची लिमिट लावायची. मी मॅचेस पाहतो म्हणून सगळे माझ्याकडे पाहतात, तिकडे इंग्लंडमध्ये कसं करतात सांग म्हणून. अन् मलेच तिथलं डोक्यात बसत नाही. प्रीमियर लीगमध्ये पैशाचे नियम मोडले म्हणून एव्हर्टन क्लबचे नोव्हेंबर २०२३ मध्ये १० पॉइंट कापले, मग अपीलमध्ये ६ केले, मग एप्रिलमध्ये दुसऱ्या केसचे अजून २ कापले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ४ कापले. अन् मँचेस्टर सिटीवर फेब्रुवारी २०२३ मध्ये शंभरावर आरोप लावले, सारे ११५ म्हणतात, त्याची सुनावणीच सुरू झाली सप्टेंबर २०२४ ले आणि ती संपल्यावरही महिनोन्‌महिने निकालाचा पत्ता नाही. म्हणजे लहान्याले लगेच छडी अन् मोठ्याले तारीख पे तारीख? आणि ते १०५ मिलियनचं गणित काय आहे ते कोणी सोप्या भाषेत सांगेल का?

हिशोबनीस_अमरावती

मी सीएकडे आर्टिकलशिप करते, त्यामुळे हा विषय म्हणजे घरचंच काम. सांगते.

नियमाचं नाव पीएसआर (प्रॉफिटॅबिलिटी अँड सस्टेनॅबिलिटी रूल्स, २०२५-२६ च्या हंगामापर्यंतचा). खर्च किती करायचा यावर त्यात बंधन नाही, बंधन आहे ते तोट्यावर, हे आधी डोक्यात घ्या कारण निम्मे लोक इथंच चुकतात. तीन वर्षांचा तोटा मिळून १०५ मिलियन पाउंडच्या वर जायला नको, म्हणजे आपल्या रुपयात अकरा-बाराशे कोटी. त्यातही क्लबच्या स्वतःच्या जिवावर फक्त १५ मिलियनचा तोटा चालतो, बाकीचे ९० मालकानं खिशातून भरले पाहिजेत, कर्ज म्हणून नाही तर भांडवल म्हणून. अकॅडमी, महिला टीम, स्टेडियमचं बांधकाम, समाजकार्य यावरचा खर्च तोट्यातून वजा होतो. आणि एखादा क्लब त्या तीन वर्षांत खालच्या डिव्हिजनमध्ये असेल तर त्या वर्षाला ३५ ऐवजी १३ च धरतात. फॉरेस्ट दोन वर्षं खाली होता म्हणून त्यांची लिमिट १३ + १३ + ३५ = ६१ झाली, आणि ते ३४.५ मिलियननं वर गेले. एव्हर्टनची लिमिट पूर्ण १०५, ते १९.५ नं वर गेले.

आता खरी गंमत. खेळाडू विकत घेतला की त्याची किंमत एकाच वर्षात खर्च धरत नाहीत, कराराच्या वर्षांत वाटून टाकतात, आपण मशीनचा घसारा धरतो तसंच. चेल्सीनं एन्झो फर्नांडिसला १०६.८ मिलियनला घेतलं आणि साडेआठ वर्षांचा करार केला. पाच वर्षांत वाटलं असतं तर वर्षाला २१ च्या वर पडले असते, साडेआठनं भागलं तर साडेबारा. पुस्तकात खर्च जवळजवळ निम्मा, आणि कायद्यात सगळं बसतं! मग यूएफानं (युरोपच्या फुटबॉल संघटनेनं) २०२३ मध्ये आणि प्रीमियर लीगनं त्याच वर्षी डिसेंबरात पाच वर्षांची मर्यादा घातली, पण जुने करार तसेच राहिले.

विकताना उलटं. बाहेरून घेतलेला विकला तर पुस्तकातली उरलेली किंमत वजा करून नफा निघतो. अकॅडमीतून वर आलेल्या पोराची पुस्तकात किंमतच नसते, म्हणून विकला की आलेला सगळा पैसा नफा. त्यामुळे होतं काय, हिशोब बसवायचा असला की क्लब आधी घरचाच पोरगा विकतो. चेल्सीनं मेसन माउंट विकला, कॉनर गॅलाघर विकला. ज्या नियमानं अकॅडमीचा खर्च माफ करून तिला प्रोत्साहन द्यायचं तोच नियम अकॅडमीतला पोरगा विकायला लावतो, याला काय म्हणावं.

फॉरेस्टचीही केस तीच. ब्रेनन जॉन्सन घरचा पोरगा, ३० जूनला हिशोबाचं वर्ष संपत होतं, पण तेव्हा मनासारखा भाव येत नव्हता म्हणून थांबले आणि १ सप्टेंबरला टॉटनहॅमला ४७.५ मिलियनला विकला. चौकशी कमिशनसमोर म्हणाले, आम्ही थांबलो म्हणून तर जास्त पैसा आला, क्लबचं भलंच झालं ना. कमिशन म्हणालं तारीख म्हणजे तारीख. हे वाचताना मला आमचे बाबा आठवले, ३१ मार्चच्या आत सोसायटीचं पीककर्ज भरायचं म्हणून पडत्या भावात कापूस काढणारे, आणि शेजारचे काका घरात गंजी लावून भावाची वाट पाहत थकबाकीदार झालेले.

कामठी_एक्स्प्रेस_७

पयले एक गोष्ट क्लिअर करतो. बाहेरचे पोट्टे, भाड्याचे पोट्टे करून राहिले सारे, मी त्यातलाच एक आहो. त्या टूर्नामेंटमध्ये नाही पण तशाच दुसऱ्या ठिकाणी. मले फोन आला, गाडीभाडं देतो म्हणलं, मॅचचे पैसे देतो म्हणलं, मी गेलो. यात चोरी काय हाये बे? कामठीत पोट्टं चालायले लागलं की बॉलच्या मागं पळते, लीग खेळून पोट भरत नाही, मग चार महिने गावोगाव जाऊन खेळते. तुमच्या ठेकेदारावर राग असन तं त्याच्यावर काढा.

आता तुमचं इंग्लंड. हिशोबनीस ताईनं भारी सांगितलं पण एक गोष्ट राहिली. तोट्यावर लिमिट म्हणजे ज्याची कमाई जास्त त्याले खर्चाची मुभा जास्त. मँचेस्टर युनायटेड सातवा येवो का पंधरावा येवो, त्याचं स्टेडियम भरते, जर्सी विकते, तो उडवू शकते. न्यूकॅसल घ्या, ऑक्टोबर २०२१ मध्ये सौदीच्या सरकारी फंडानं घेतलं, मालकाजवळ पैशाची विहीर हाये पण बादली टाकायची परवानगी नाही. जून २०२४ मध्ये ३० तारखेच्या आत हिशोब जुळवाले एलियट अँडरसन फॉरेस्टले देऊन टाकला अन् मिंटेह ब्रायटनले. अँडरसन तं तिथचाच पोट्टा, लहानपणापासून त्याच क्लबात.

अन् त्याच महिन्यात अॅस्टन व्हिला, चेल्सी अन् एव्हर्टन यायचं काय चाललं होतं ते पाहा. व्हिलानं इरोगबुनाम एव्हर्टनले विकला, एव्हर्टनचा डॉबिन व्हिलानं घेतला. व्हिलाचा केलीमन चेल्सीनं घेतला, चेल्सीचा मात्सेन व्हिलानं. म्हणजे तू माझा घे मी तुझा घेतो, विकल्याचा नफा लगेच यंदाच्या वहीत, घेतल्याचा खर्च पाच वर्षात थोडा थोडा. सगळं नियमात. मी म्हणतो हा खेळ फुटबॉलचा हाये का मुनीमजीचा?

ब्लू_मून_ब्रह्मपुरी

स्टॉपर भाऊ, सिटीचं नाव घेतलं म्हणून लिहितो. आरोप लागला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नसते. २०२० मध्ये यूएफानं दोन वर्षं युरोपमधून बाहेर काढलं होतं आणि ३० मिलियन युरो दंड, तेव्हाही सगळे नाचले. जुलैमध्ये स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादानं बंदी उठवली, दंड १० वर आणला. ते विसरले का? अन् एव्हर्टन, फॉरेस्टनं लिमिट ओलांडली हे मान्य केलं होतं, वाद फक्त कितीनं ओलांडली अन् शिक्षा किती याचा होता, म्हणून काही महिन्यात निकाल लागला. इथं नऊ-नऊ वर्षांची कागदपत्रं आहेत आणि क्लब म्हणते आम्ही काहीच केलं नाही. अशी केस लांबणारच, आपल्या सातबाऱ्याच्या वादाले किती वर्षं लागतात ते पाहा आधी.

दुसरं म्हणजे स्पॉन्सरशिप मालकाच्या ओळखीच्या कंपनीकडून आली तर बाजारभावातच पाहिजे असा जो नियम लीगनं केला होता त्याविरुद्ध सिटी गेली आणि लवादानं फेब्रुवारी २०२५ मध्ये २०२१ ते २०२४ चे ते नियमच रद्दबातल ठरवले. म्हणजे नियम बनवणारेही काही देव नाहीत.

कामठी_एक्स्प्रेस_७

हाव भाऊ, पण २०२० चा निकाल पूर्ण वाच नं. त्यात काही आरोप सिद्ध नाही म्हणले अन् काही मुदतीबाहेर गेले म्हणून पाहिलेच नाही. अन् उरलेला १० मिलियन दंड कायचा? चौकशीत सहकार्य केलं नाही म्हणून! निर्दोष माणूस कागद काऊन लपवते?

ब्लू_मून_ब्रह्मपुरी

वकिलानं सांगितलं असन म्हणून. जाऊ दे, तुह्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, तू आर्सेनलवाला दिसतं.

पी_टी_सर_आर्वी

दोघंही थांबा जरा. मी निवृत्त क्रीडाशिक्षक, त्यामुळे हातात शिट्टी नसली तरी सवय गेली नाही.

तुम्ही सगळे हा नियम समानतेसाठी आहे असं धरून भांडता आहात. मुळात तो त्यासाठी आणलेलाच नाही. यूएफानं २००९ मध्ये फायनान्शियल फेअर प्ले मंजूर केलं तेव्हा त्यात 'फेअर' हा शब्द घातला आणि सगळ्यांचा गैरसमज करून दिला. खरा हेतू एवढाच की क्लब बुडू नये. पोर्ट्समथ आठवतं का? २००८ मध्ये एफए कप जिंकला, मोठमोठे खेळाडू, मोठमोठे पगार, आणि दोनच वर्षांत, २०१० मध्ये, दिवाळखोरीच्या दारात प्रशासक नेमावा लागलेला प्रीमियर लीगमधला पहिला क्लब ठरला. ९ पॉइंट कापले, खाली गेला, आणि तिथूनही घसरत घसरत चौथ्या पायरीपर्यंत पोचला.

त्याहून वाईट गोष्ट बरीची. मँचेस्टरजवळचं गाव, क्लब १८८५ चा, एफए कप दोनदा जिंकलेला, १९०० आणि १९०३, आणि १९०३ ची फायनल तर ६-० नं. २०१९ च्या उन्हाळ्यात टीम वरच्या डिव्हिजनमध्ये गेली होती, पण पगार थकलेले, मालकाकडे पैसे असल्याचा पुरावा नाही, शेवटी २७ ऑगस्टला लीगमधून नाव काढलं. सव्वाशे वर्षं लीगमध्ये होता तो क्लब. गावातले लोक त्याच दिवशी स्टेडियमच्या खुर्च्या पुसायला, संडास साफ करायला आले होते, की उद्या क्लब वाचला तर मॅच व्हायला हवी. मी ते फोटो पाहिले तेव्हा प्रीमियर लीगमध्ये कोण चॅम्पियन होतं हे मला आठवतही नव्हतं.

यानंतर आणि २०२१ च्या त्या सुपर लीगच्या (मोठ्या क्लबांनी आपली वेगळी लीग काढायच्या) तमाशानंतर ब्रिटिश सरकारनंच हात घातला. २०२५ मध्ये कायदा झाला, इंग्लिश फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक आला. पहिल्या पाच डिव्हिजनच्या क्लबांना लायसन्स लागणार, मालक कोण, पैसा कुठला, हे तपासणार. जर्मनीत तर मुळातच ५०+१ आहे, म्हणजे मतांचा मोठा वाटा सभासदांकडेच पाहिजे, लेव्हरकुसेन-वोल्फ्सबर्गसारखे कंपनीचे जुने क्लब अपवाद. पण तिथंही बायर्न म्युनिकच सलग ११ वेळा चॅम्पियन झालं, २०१३ ते २०२३. म्हणजे बुडणं थांबवायचं औषध वेगळं आणि बरोबरीचं वेगळं. एकाच बाटलीत दोन्ही मागू नका.

हिशोबनीस_अमरावती

सर, अगदी हेच लिहिणार होते मी. त्यात पुढची भर घालते. प्रीमियर लीगमध्ये पीएसआर जाऊन २०२६-२७ पासून नवीन नियम आहे, टीमवरचा खर्च (पगार, ट्रान्सफरचा वाटा, एजंटची फी) कमाईच्या ८५ टक्क्यांपर्यंत. यूएफाचा तसाच नियम ७० टक्क्यांचा. टक्के म्हणजे परत तेच, ज्याची कमाई मोठी त्याचे टक्केही मोठे. पण त्याच मतदानात, नोव्हेंबर २०२५ मध्ये, अजून एक प्रस्ताव होता. तळाच्या क्लबला टीव्ही वगैरेचा जो पैसा मिळतो त्याच्या पाचपट, यापेक्षा जास्त कोणीच टीमवर खर्च करायचा नाही, तुमची कमाई कितीही असो. समानतेच्या जवळ जाणारा तो एकच नियम होता आणि क्लबांनी मत देऊन तोच पाडला. यूएसएमध्ये काही लीगमध्ये अशी सरसकट टोपी (खर्चाची वरची मर्यादा) चालते कारण तिथं कोणी खाली जात नाही आणि त्यांच्या खेळाडूला पळून जायला दुसरी मोठी लीगही नाही. इंग्लंडचे मोठे क्लब म्हणतात आम्हाला रेयाल माद्रिदशी खेळायचं आहे, आमचे हात बांधू नका. खेळाडूंची संघटनाही विरोधात होती, कारण उघड आहे, पगाराला टोपी.

कामठी_एक्स्प्रेस_७

खेळाडूची संघटना विरोधात होती हे वाचून बरं वाटलं, कोणीतरी आमच्याकडून बोलते.

मोझरीची_विंगर

एवढ्या सगळ्या भाऊ लोकात मी पण लिहितेच. महिला टीमचा खर्च नियमातून वजा होतो असं ताई म्हणाल्या ते चांगलंच आहे, पण चेल्सीनं काय केलं ते कोणी सांगितलं नाही. त्यांनी जून २०२४ मध्ये अख्खी महिला टीमच विकली, कोणाला, तर स्वतःच्याच मालक कंपनीला, जवळजवळ २०० मिलियन पाउंडला! त्याआधी स्टेडियमजवळची दोन हॉटेलं अशीच घरातल्या घरात विकली होती, ७६.५ मिलियनला. टीम तिथंच, मैदान तिथंच, पोरी त्याच, फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात, आणि त्या वर्षी क्लबचा ताळेबंद नफ्यात. प्रीमियर लीगमध्ये तेव्हा हे चालून गेलं. यूएफानं असा घरगुती नफा धरला नाही आणि जुलै २०२५ मध्ये चेल्सीला ३१ मिलियन युरोचा दंड बसला. मला राग दंडाचा नाही, महिला टीमची एवढी किंमत आहे हे लोकांना कळलं ते कधी तर हिशोबात खड्डा पडला तेव्हा.

आता स्टॉपर दादा, तुमच्या टूर्नामेंटचं. पैशाची लिमिट लावाल तर मोजणार कोण? ठेकेदार काय पावत्या देणार आहे? तो रोख देईल, वरून मटणाचं जेवण देईल, आणि कागदावर लिहील गाडीभाडं तीनशे. इंग्लंडमध्ये ऑडिट झालेले ताळेबंद असून ही तऱ्हा. पैशाऐवजी माणसं मोजा. टीममध्ये गावाबाहेरचे जास्तीत जास्त किती, ते ठरवा, आधारकार्ड पाहा, आणि नावं पहिल्या मॅचच्या आधी बंद करा, फायनलला नवीन चेहरा नको. आमच्याकडे तालुक्याच्या एका टूर्नामेंटमध्ये हेच केलं, थोडी भांडणं झाली, एकाचं आधार लग्नाच्या सासरवाडीचं निघालं वगैरे, पण चाललं.

आणि अजून एक. ज्या टीमनं चौदा वर्षांखालची किंवा मुलींची टीमही उतरवली तिला बाहेरचा एक जास्त द्या. इंग्लंडच्या नियमातलं एवढं एक घेण्यासारखं आहे, अकॅडमीवर आणि पोरींवर केलेला खर्च शिक्षेत मोजू नका.

पी_टी_सर_आर्वी

पोरीनं मुद्द्याचं लिहिलं. यात माझी एक भर. खेळणाऱ्या प्रत्येक पोराची नोंदवही ठेवा, नाव, जन्मतारीख, कोणत्या वर्षी कोणाकडे खेळला, आणि क्लब रीतसर जिल्हा संघटनेत नोंदवून घ्या. फिफाचा नियम आहे, खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात ट्रान्सफर झाली की किमतीतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटायचे. १२ ते १५ च्या प्रत्येक वर्षाला पाव टक्का, पुढच्या प्रत्येक वर्षाला अर्धा. जगातल्या सगळ्या पैशाच्या नियमात मला हाच एक गोड वाटतो, कारण पैसा खाली वाहतो. आपल्याकडचा पोरगा युरोपात जाईल तेव्हा जाईल, पण गेला आणि नोंदच नसली तर ते पैसे मागणार कोणत्या तोंडानं? आमच्या शाळेच्या मैदानावरून किती पोरं नागपूरला गेली, एकाचीही नोंद शाळेकडे नाही, वह्या होत्या त्या वाळवीनं खाल्ल्या.

वणीकडचा_स्टॉपर

सगळ्यांचे आभार. थोडक्यात मले जे समजलं ते असं की इंग्लंडचा नियम आमच्यावर लावला तर ठेकेदाराचीच टीम पास होईल अन् वर्गणी करून आलेले नापास होतील, कारण तोटा तर आमचाच असते.

रविवारी मीटिंग आहे. विंगर ताईचं म्हणणं मांडतो, बाहेरचे तीन, मुलींची किंवा लहान पोरांची टीम असली तर चार. नोंदवहीचं काम आमच्या ग्रामपंचायतीतल्या ऑपरेटरच्या गळ्यात टाकतो, तोही लेफ्ट विंग खेळते. ठेकेदार नाराज होईल, त्यानं मंडपाचे पैसे दिले होते, तिथं गाडी अडणार आहे हे मले आताच दिसून राहिलं. कामठी भाऊ, तुमचं काय म्हणणं आहे, तीन ठीक आहे का? तुमच्या लोकांच्या पोटावर पाय नको.

ब्लू_मून_ब्रह्मपुरी

मंडपाचे पैसे त्याच्याकडून घेऊच नका, मंडपाची वेगळी वर्गणी करा. नाहीतर पंच कोणाचा हा वाद सेमीफायनललाच सुरू होईल.

कामठी_एक्स्प्रेस_७

तीन चालते भाऊ. तीन पोट्टे गुणिले वीस टीमा, आमच्या पोट्ट्याले उलट जास्तच काम भेटन, एकाच टीमात सहा जण घुसण्यापेक्षा बरं. पण नियमात एक लाईन टाका नं, बाहेरच्या खेळाडूचे पैसे मॅचच्या आधी कमिटीजवळ जमा. मी ज्या फायनलले गेलो होतो तिथं आम्ही जिंकलो, साहेबानं शिल्ड उचलली, फोटो काढले, पैसे उद्या देतो म्हणले अन् गाडीत बसून गेले. तो उद्या काही अजून आला नाही. ज्या टीमनं पैसे जमा नाही केले तिचे पॉइंट कापा, एव्हर्टनसारखे दहाच्या दहा, अपीलबिपील काही ठेवू नका.